गटचर्चेला बसण्यापूर्वी

चि. भाचेबाई,

मतदारांच्या गटचर्चा घ्यायचं काम मिळालं, छान झालं. फोकस ग्रुप म्हणजे आठ-दहा माणसं जमवायची आणि तासाभरात जनमत टिपून घ्यायचं, असं तुझ्या साहेबांना वाटत असेल तर वाटू दे. तू तसं समजू नकोस.

या पद्धतीचं मूळच बघ. १९४१ साली कोलंबिया विद्यापीठातल्या पॉल लाझार्सफेल्डनी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनना जेवायला बोलावलं आणि नेलं रेडिओ कार्यक्रमाच्या चाचणीला! श्रोते आवडलं तर हिरवं, नावडलं तर लाल बटण दाबत. मग त्यांना कारणं विचारली जात. मर्टनना खटकला तो विचारणारा. नकळत तोच उत्तरं सुचवत होता. हा मोह तुलाही होणार. "रस्ते खराब आहेत ना?" म्हटलंस की सगळ्या माना डोलतील. "बाजाराला कशा येता?" एवढंच विचार. रस्त्याचं दुखणं असेल तर आपसूक निघेल.

सरपंच आणि त्यांच्या शेतावरचे मजूर एका सतरंजीवर बसवू नकोस. सासू-सुनाही नकोत. बोलणं सुरू होण्याआधी प्रत्येकाचं मत चिठ्ठीवर घे, नाहीतर पहिला बोलणारा बाकीच्यांचं ठरवून टाकतो.

आठांपैकी सहा जण अमुक म्हणाले म्हणून अहवालात '७५ टक्के' लिहिलंस तर कान पकडीन. किती जणांना वाटतं ते सर्वेक्षण सांगेल. का वाटतं, ते तू शोधायचंस.

मात्र थोडेच आहेत म्हणून कुणाला उडवूनही लावू नकोस. १९८५ मध्ये कोका-कोलाने चव बदलली, त्याआधी जवळपास दोन लाख लोकांकडून चाखून घेतली होती आणि कौल नव्या चवीला होता. गटचर्चांत मात्र जुन्या चवीचे मोजके भक्त असे भडकत, की बाकीचेही त्यांच्याकडे झुकत. कंपनीने भिस्त ठेवली आकड्यांवर. एप्रिलमध्ये नवं कोक आलं, अमेरिकाभर तसाच भडका उडाला आणि जुलैत जुनं परत आणावं लागलं. एकट्याने घोट घेताना माणूस एक असतो, चारचौघांत दुसरा. आणि मतदानाच्या गप्पा पारावर चारचौघांतच होतात.

तेव्हा कोण काय म्हणालं एवढ्यावर थांबू नकोस; कुणाच्या बोलण्यानंतर कुणाचा सूर पालटला, तेही टिप. नुसत्या रेकॉर्डिंगवरून ते कळत नाही. टिपणं घ्यायला दुसरी मुलगी सोबत हवीच. साहेब खर्चाचं कारण सांगू लागले तर एक गट कमी कर, पण तिला ने.

तुझा,
मामा