तेच कारण, तेच कार्य?

हाताने भरलेली दहा काडतुसे एकाच रायफलीतून झाडली, तरी दहा गोळ्यांचा वेग सारखा येत नाही. अमेरिकेत लांब पल्ल्याचे अनेक नेमबाज काडतुसे घरीच भरतात आणि दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत, तोलून घेतात. तरीही वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर सेकंदाला 2600 फूट, मग 2612, मग 2594 असे आकडे उमटतात. हा फरक किरकोळ नाही. .308 कॅलिबरच्या गोळीच्या वेगात 20 फुटांचा फरक पडला, तर हजार यार्डांवर ती सहा-सात इंच वर किंवा खाली लागते. लांब पल्ल्याच्या एफ-क्लास नेमबाजी स्पर्धेत या अंतरावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच 10 इंच असतो.

मग समान कारणातून समान कार्य होते, हे तत्त्व खोटे ठरते काय? जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1876 मध्ये या प्रश्नाची नीट फोड केली. कोणतीही घटना एकदाच घडते, त्यामुळे ‘तेच’ कारण पुन्हा कधी हाती लागत नाही. हाती लागते ते त्याच्यासारखे कारण. आणि सारख्या कारणातून सारखे कार्य होईलच, असे नाही. रेल्वेचे सांधे जरासे सरकले की गाडी भलत्याच रुळावर जाते, हे त्याचेच उदाहरण. काडतुसाचे सुदैव असे, की तिथे बहुधा थोड्या फरकाने थोडाच फरक पडतो.

पण कोणता फरक मोजायचा? न्यायदर्शनाने याचा विचार फार बारकाईने केला आहे. कार्याच्या आधी नियमाने असणारे, पण अन्यथासिद्ध (म्हणजे कार्याला अनावश्यक) नसलेले, ते कारण. घडा घडतो कुंभाराचे चाक फिरवणाऱ्या दंडामुळे. दंडाचा रंग आधीपासून हजर असला, तरी तो कारण नव्हे, आणि माती वाहणारे गाढवही नव्हे. काडतुसात दारू पेटवणारी टोपी, पितळी पुंगळीची आतली जागा, तिच्या गळ्याची गोळीवरची पकड, दारूचे तापमान ही वेगाची खरी कारणे. गाढव शिरते ते घाईमुळे. दारू पायरीपायरीने वाढवत प्रत्येक पायरीवर एकच गोळी झाडायची, आणि दोन आकडे जवळ आले की ‘स्थिर टप्पा’ सापडला असे मानायचे, ही चूक सर्रास होते. पाच गोळ्यांवरून प्रमाण विचलन 10 फूट आले, तर 95 टक्के विश्वासपातळीवर खरे विचलन 6 ते 29 यांत कुठेही असू शकते. 30 गोळ्या झाडल्या तर ही मर्यादा साधारण 8 ते 13 इतकी आवळते. नियतपूर्ववृत्ती, म्हणजे कार्याआधी नियमाने असणे, ठरवायला पुनरावृत्ती लागते, ती अशी.

पुंगळीचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. बार होताना तिचा पितळी गळा फुगतो, पुन्हा भरण्यासाठी तो साच्यात दाबून आवळावा लागतो, आणि दर फेरीला पितळ कडक होत जाते. पकड बदलते. म्हणजे प्रयोग करण्यानेच कारण बदलत असते! म्हणून गळा तापवून पितळ पुन्हा नरम करतात.

एवढे करूनही काही फूट उरतातच. दारूचे हजारो कण दर वेळी वेगळे रचले जातात, ज्वाला त्यांच्यात वेगळ्या वाटेने शिरते. या उरलेल्या फरकाला यदृच्छा म्हणण्यापेक्षा नैयायिकांची भूमिका अधिक पटते: कार्य एकट्या कारणाने नव्हे, तर संपूर्ण कारणसामग्रीने होते, आणि तराजूवर चढतो तो त्या सामग्रीचा एक भाग.