पत्रावळ आणि श्रोता

मंडळाच्या कार्यक्रमाची पत्रिका हाती पडली, की आपल्यापैकी बहुतेकांची दृष्टी वक्त्याच्या नावावरून व विषयावरून खाली उतरत अखेरच्या ओळीवर येऊन थांबते. 'कार्यक्रमानंतर स्नेहभोजनाची व्यवस्था केली आहे.' व्याख्यान असो, गायनाची बैठक असो, की एखादा जुना मराठी चित्रपट पडद्यावर दाखवायचा असो, पांढुर्णा-सौंसरकडच्या पत्रिकांतून ही ओळ सहसा गळत नाही. ती गळलीच, तर किती खुर्च्या रिकाम्या राहतात हे कार्यकर्त्यांना पक्के ठाऊक असते. अलीकडे मात्र या ओळीवरून कुरबुर ऐकू येऊ लागली आहे. लोक जेवणासाठी येतात, गाण्यासाठी नव्हे. तेव्हा भोजन बंद करावे आणि जे दहावीस खरे रसिक येतील त्यांच्यासाठीच कार्यक्रम करावा, असे काहींचे म्हणणे आहे. भोजन बंद केले तर मंडळच बंद होईल, असे दुसरे म्हणतात. दोन्ही बाजूंनी हिशेबाच्या वह्या पुढे केल्या जातात. आमच्या मते हा प्रश्न वहीचा कमी आणि नीतीचा अधिक आहे. आपण कोणाला बोलावतो, बोलावलेल्याकडून काय अपेक्षा धरतो, आणि त्याला आपल्या शेजारी बसवून जेवू घालतो की नाही, हे प्रश्न त्या एका ओळीच्या पोटात दडलेले आहेत.

आपल्या परंपरेने श्रवण आणि भोजन यांची अशी फारकत कधी मानली नाही. आपल्याकडील सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कोणाची शिळी भाकर, कोणाचे दही, कोणाचे लोणचे, सगळे एकत्र कालवले आणि कृष्णाने ते सर्वांना वाटले, ही त्या कीर्तनाची कथा. कथा संपते आणि तोच काला हातावर पडतो. तेथे कथा कोठे संपली आणि जेवण कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही. त्यानंतर महाप्रसाद, आपल्या भागात बहुधा गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. सात दिवस कीर्तन ऐकणारा आणि सातव्या दिवशी थेट पंगतीला येऊन बसणारा, दोघांच्याही पानात सारखाच रोडगा पडतो. वाढणारा कधी विचारत नाही, 'बुवांनी कोणता अभंग घेतला होता, सांगा पाहू.'

परंतु परंपरेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. काल्याची कथा सांगणाऱ्या याच गावांतून महाप्रसादाच्या पंगती वेगवेगळ्या बसत होत्या. कोणी मांडवात, कोणी मांडवाबाहेर, आणि कोणाच्या पदरात दुरूनच टाकले जात होते. कान सर्वांचे एक झाले तरी पाने एक होत नव्हती. म्हणून ज्यांना समाज बदलायचा होता त्यांनी भाषणांबरोबर ताटालाही हात घातला. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खावा लागत असे. गाडगे महाराजांच्या चरित्रातील पहिला मोठा प्रसंग हा कीर्तनाचा नाही, जेवणाचाच आहे. मुलीच्या बारशाला जातभाईंना मांस-मद्याचे जेवण देण्याची रूढी त्यांनी मोडली आणि गोडाचे साधे जेवण वाढले. पुढे झुणका-भाकर सत्यनारायणाचे प्रयोग करणाऱ्या अनंत हरी गद्र्यांनीही प्रसादाच्या द्रोणातूनच समतेचा विचार पुढे नेला.

या संदर्भात पुण्याच्या पंचहौद मिशनचे प्रकरण आम्हांस वारंवार आठवते. ऑक्टोबर १८९० मध्ये तेथे एक सभा झाली. न्यायमूर्ती रानडे, टिळक यांच्यासारखी पुण्यातील नामांकित मंडळी उपस्थित होती. भाषणानंतर मिशनच्या वतीने चहा-बिस्किटे समोर आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला, कोणी तसाच ठेवला. उपस्थितांची नावे गोपाळराव जोशी यांनी वृत्तपत्रात प्रसिद्ध केली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. प्रायश्चित्त आपण काशीत घेतले आहे असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनीही पुढे स्नेह्यांसाठी प्रायश्चित्त घेतले, आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल त्यांना ऐकावे लागले. आता त्या दिवशीच्या भाषणाचा विषय काय होता हे किती जणांना सांगता येईल? चहा मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला आहे. सभेत जाऊन परधर्मीयाचे विचार ऐकणे त्या काळच्या समाजाने चालवून घेतले. त्याच्या पेल्यातला घोट मात्र चालवून घेतला नाही. ऐकण्याने माणूस जेवढा बांधला जातो त्याहून अधिक तो जेवण्याने बांधला जातो, हे त्या सनातन्यांना आपल्या कार्यकारिणीपेक्षा नीट कळले होते, असे म्हणावे लागते.

आता दुसरे टोक पाहू. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे नाव आपल्या वाचकांनी ऐकले असेल. चित्रपट, व्याख्याने, गायन-वादन आणि भोजन हे सर्व एका छत्राखाली नांदावे अशी योजना करून उभारलेली ही संस्था १९६२ मध्ये सुरू झाली. तिच्या उभारणीत सिंहाचा वाटा चिंतामणराव देशमुखांचा. तेथील प्रेक्षागृहाला त्यांचेच नाव आहे. चिंतामणरावांविषयी आपणास विशेष आपुलकी वाटण्याचे कारण असे, की त्यांच्या सनदी सेवेचा आरंभ आपल्याच जुन्या मध्य प्रांतात झाला. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. सरकारी नोकरीत जन्म घालवलेल्या आमच्यासारख्यांना फायलीबाहेर मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा हा अधिकारी नेहमीच वंदनीय वाटत आला आहे. तर त्या संस्थेची रीत अशी, की व्याख्याने व चित्रपट पुष्कळदा सर्वांना खुले असतात. भोजनगृह मात्र सभासद आणि त्यांचे पाहुणे यांच्यापुरते राहते. विचार सर्वांचा, जेवण आपापल्यांचे. महानगरात हे समजू शकते. तेथे जेवणारा पैसे मोजून जेवतो, आणि प्रवेश खुला ठेवला तर स्वयंपाकघर पुरे पडणार नाही. पण तीच रीत नकळत आपल्या गावी आली तर तिचा अर्थ निराळा होतो.

तो कसा, हे सांगण्यापूर्वी आपल्या मंडळांचे प्रयोजन आठवले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले; छिंदवाडा जिल्हा आणि त्यातले आपले तालुके मध्य प्रदेशात राहिले. नागपूर रेल्वेने दोन-अडीच तासांवर, पण कचेरीची भाषा हिंदी झाली, शाळा हळूहळू हिंदी झाल्या. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, तरी फलकावरची भाषा तीच राहिली. अशा स्थितीत मराठी मंडळ ही करमणुकीची जागा नव्हती, भाषेचा आसरा होता. आणि खरे सांगायचे तर, भाषा तेथे व्यासपीठापेक्षा पंगतीत अधिक टिकली. हिंदी माध्यमात शिकलेली आपली नातवंडे व्याख्यानात चुळबुळ करतात; पंगतीत मात्र 'आजी, वडाभात वाढ ना', 'काकू, कढी पुरे' असे आपसूक मराठीत बोलतात. सांबारवडीला हिंदीत काय म्हणावे हे त्यांना सुचत नाही म्हणून असेल, पण बोलतात. जेवण बंद करा म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मात्र आसऱ्याचे कुंपण व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडे चित्रपट दाखवला जातो तेव्हा प्रेक्षकांत शेजारचे हिंदी भाषक असतात, पवारी बोलणारी कुटुंबे असतात, डोंगराकडच्या गोंड वस्त्यांतून कामाला आलेली माणसेही असतात. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा; त्यातील आवलीचा त्रागा कळायला भाषांतर लागत नाही. ही माणसे चित्रपट शेवटपर्यंत पाहतात, हसतात, डोळे पुसतात. दिवे लागतात, पत्रावळी मांडल्याचा आवाज येतो, आणि ती हळूच चपला शोधू लागतात. त्यांना कोणी जा म्हणत नाही. कोणी थांबा असेही म्हणत नाही. जेवण 'त्यांचे' आहे, हे त्यांनी न सांगता ओळखलेले असते. काही ठिकाणी तर सभासदांना आधीच कुपने दिलेली असतात. ज्याच्याकडे कुपन नाही त्याने काय ते समजावे. दोन तास ज्याला आपण रसिक म्हणून मान दिला, तो दोन मिनिटांत परका होतो. जेवणासाठी येणाऱ्यांविषयी आपण तक्रार करतो. न जेवता जाणाऱ्यांची नोंद मात्र कोणत्याही अहवालात होत नाही.

खर्चाचा आक्षेप खोटा नाही. शंभर पाने धरावी आणि दीडशे माणसे यावी, असे झाले की खजिनदाराची झोप उडते. कर्ज काढून सण करू नका, हे गाडगे महाराजांनी गावोगाव कीर्तनांतून सांगितले, ते मंडळांनाही लागू आहे. पण यावरचा उपाय माणसे कमी करणे हा नव्हे, पक्वान्ने कमी करणे हा आहे. केटररने हल्ली आपल्या माथी पनीर, मंचुरियन आणि आइस्क्रीम मारले आहे. त्या पैशांत झुणका-भाकर, ठेचा आणि ताक दुप्पट माणसांना पुरेल. गावच्या संत्र्यांच्या दिवसांत गोडाचाही प्रश्न उरत नाही. उभ्याने जेवण्याच्या पद्धतीविषयी आमचे मत फारसे बरे नाही. तिने जातीच्या पंगती मोडल्या, हे तिचे ऋण मान्य. परंतु शेजारीही मोडला. ताट घेऊन जो तो आपल्या ओळखीच्या घोळक्यात जातो. पंगतीत मात्र शेजारी कोण येईल हे बसणाऱ्याच्या हाती नसते, आणि एकदा बसल्यावर उठताही येत नाही.

जो केवळ जेवणासाठी येतो त्याचे काय? त्याच्यावर एवढा राग का धरावा, हे आम्हांस कळत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात, जेथे १९५३ पासून देशातले उत्तमोत्तम गायक गाऊन गेले, तेथेही एखाद्याचे गाणे रंगत असताना खाद्यपदार्थांच्या दुकानांपाशी गर्दी असते. त्यामुळे त्या श्रोत्यांना कोणी अरसिक ठरवीत नाही. मग आमच्या गावचा हमाल बैठकीत मागे बसून पेंगला आणि जेवून गेला, तर त्याने कलेचा काय अपमान केला? भूक ही कलेची वैरीण नव्हे. अपमान दुसऱ्याच गोष्टीत आहे. आभारप्रदर्शन झाल्यावर दाराशी कुपने वाटायची, म्हणजे कोणी मध्येच उठणार नाही, अशी युक्ती काही संस्था योजतात. हा ऐकण्याचा मोबदला झाला. अशाने जेवणारा लाचार ठरतो आणि गाणाऱ्यालाही कळून चुकते, की समोरची माणसे आपण संपवण्याची वाट पाहत आहेत. त्यापेक्षा गाण्याआधी जेवण द्यावे आणि सांगावे, की ज्यांना जायचे त्यांनी खुशाल जावे. उरतील ते उरतील.

आपल्याच प्रांतातील कुमार गंधर्वांचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. ते बेळगावकडचे, क्षयाच्या आजारात १९४८ च्या सुमारास देवासला आले आणि अखेरपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, तेथेच राहिले. आजारपणात गाणे बंद असताना त्यांनी आजूबाजूच्या माळवी बायकांची गाणी कानात साठवली, आणि पुढे त्यांतून त्यांच्या धुनउगम रागांची वाट निघाली. परमुलखात येऊन वसलेल्या माणसाने शेजाऱ्याला आपले ऐकवण्याआधी त्याचे ऐकले. आपली मंडळे सत्तर वर्षे ऐकवीत आली आहेत. पवारी गीते किंवा गोंडी कथा यांची बैठक आपल्या सभागृहात किती वेळा झाली, याचे उत्तर जुनी इतिवृत्ते चाळून कोणीही काढावे. अशी बैठक झाली तर गाणारे पाहुणे जेवणाच्या वेळी चपला शोधणार नाहीत, कारण पहिली पंगत त्यांचीच असेल.

शेवटी स्वयंपाकघराविषयी. ही चर्चा करणारे आम्ही सारे सभागृहात बसणारे आहोत. पलीकडे भिंतीआड पोळ्या लाटणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या आपल्या घरच्या स्त्रिया आणि भांडी घासणाऱ्या बाया यांनी मंडळाच्या स्थापनेपासून एकही व्याख्यान धडपणे ऐकलेले नाही. टाळ्यांचा आवाज तेवढा त्यांच्यापर्यंत पोहोचतो. काल्याच्या शिदोरीत ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्यांच्याच कानांचा वाटा आपण राखला नाही. येत्या कार्यक्रमापासून कार्यकारिणीच्या पुरुष सभासदांनी आळीपाळीने स्वयंपाकघरात उभे राहावे आणि पहिल्या दोन रांगा भांडी घासणाऱ्या बायांसह या मंडळींसाठी ठेवाव्यात, अशी लेखी सूचना आम्ही चिटणीसांकडे दिली आहे. भाकरी थापता येत नाही ही सबब कोणी पुढे करील, हे धरून त्या दिवशीचा बेत खिचडीचा ठेवावा, असेही तीत लिहिले आहे.