एका सकाळीत संपणारा हंगाम

आपल्याकडच्या कॉलेजच्या कबड्डी संघाला हंगाम नसतो, सामना असतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, निदान सुरुवातीच्या फेऱ्यांत, बहुधा बाद पद्धतीने खेळवतात. हरलात की घरी. बत्तीस संघ उतरले तर सोळा संघ पहिल्याच सामन्यानंतर परततात आणि दुसऱ्या फेरीनंतर आणखी आठ. म्हणजे बत्तिसांपैकी चोवीस संघांचं वर्ष एका किंवा दोन सामन्यांत आटोपतं. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती, आणि पुढच्या वर्षी निम्मे गडी पदवी घेऊन बाहेर पडलेले.

हे महाड-पोलादपूरकडच्या मुलांना जास्त बोचतं. वरंध घाटाच्या पायथ्याच्या गावांत जून ते ऑक्टोबर पाऊस आणि भात यापलीकडे दुसरं काही सुचत नाही. मैदानावर चिखल, डोंगरावर दरडींची धास्ती. जुलै 2021मध्ये तळिये गावावर कोसळलेली दरड अजून कुणी विसरलेलं नाही. कॉलेजचं पहिलं सत्र नेमकं याच दिवसांत येतं. पाऊस सरतो तर कापणी येते आणि मुलं शेतावर लागतात. उरलेल्या दिवसांत सराव करावा तर संध्याकाळची एसटी उभी असते. ती चुकली की बिरवाडीच्या पुढे जायला वाहनासाठी हात दाखवत बसायचं. सराव रंगात येतो त्याच वेळी अर्धा संघ दप्तर उचलून स्टँडकडे धावतो. इतकं सगळं सांभाळून संघ उभा राहतो, भाड्याच्या गाडीने स्पर्धेला जातो आणि दुपारच्या जेवणाआधी बाद होतो.

याच मुलांचा खरा हंगाम गावात असतो. भात निघालं की एखादं सपाट खाचर ठरतं. धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, अर्धवट वाळलं की चोपण्याने आणि पायांनी जमीन दाबायची. खडा राहिला तर उद्या कुणाचा तरी गुडघा फुटणार, म्हणून जुने खेळाडू वाकून हाताने माती चाचपत फिरतात. मग फक्कीने आखणी होते, तेरा बाय दहा मीटर. बांबूंवर दिवे चढतात, गावाच्या मुंबई मंडळाकडून, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांकडून, बक्षिसाची रक्कम येते आणि आसपासच्या वाड्यांचे संघ टेम्पोतून उतरतात. या स्पर्धाही बाद पद्धतीच्याच असतात, हे खरं. पण आज या गावात हरलं तर पुढच्या शनिवारी त्या गावात खेळायला मिळतं. शिमग्याच्या आधी, शिमग्यानंतर, थेट मे महिन्यापर्यंत. गडी त्यातूनच तयार होतो.

कबड्डीत हरण्याचा उपयोग काय, हे एका चढाईतून कळतं. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तीस सेकंद असतात. समोरचा डावा कोपरा घोट्यासाठी झेपावतो की मांडीला मिठी मारतो, त्याच्या आधी कव्हरवाला पाऊल पुढे टाकतो का, साखळी कोणत्या हाताने तुटते, हे सगळं अंगावर येऊन शिकायचं असतं. पहिल्या सामन्यात पोरगा घोट्याला धरला जातो. त्याला आता कळलेलं असतं की पाय मागे घेताना टाच उचलायला उशीर झाला. हे कळलेलं वापरायला त्याला पुढचा सामना मिळायला हवा. कॉलेजच्या संघातून खेळताना तोच मिळत नाही. ज्याला शिकण्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच आपण सर्वांत आधी घरी पाठवतो. शिक्षणसंस्थांनी ही पद्धत वर्षानुवर्षं चालू ठेवावी, हे मला पटत नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल, तिथला अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा, या बाबतीत बघण्यासारखा आहे. पहिला सामना 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. आज तिथल्या मोठ्या विद्यापीठांच्या संघाला ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत साधारण बारा सामने मिळतात, जिंको वा हरो. शनिवारी हरलेला संघ रविवारी त्या सामन्याचं चित्रण बघतो, आठवडाभर चुका दुरुस्त करतो आणि पुढच्या शनिवारी उत्तर द्यायला उतरतो. निम्मे सामने घरच्या मैदानावर होतात. मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि तिथल्या विद्यापीठाच्या मैदानात बसतात एक लाख सात हजारांवर माणसं. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही शनिवारी कुणाचा सामना आहे हे पाठ असतं.

तिथलं सगळं उचलावं असं मी म्हणणार नाही. त्या खेळात माणसं मेली आहेत. 1905 साली मृत्यू इतके वाढले की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, आणि त्यानंतर नियम बदलले. पुढे त्या खेळात अफाट पैसा आला. प्रशिक्षक कोट्यधीश झाले, पण स्वतःच्या नावावर कमाई करायला विद्यार्थी खेळाडूंना 2021 उजाडावं लागलं. तो बाजार आपल्याला नको. आपण घ्यावं ते त्यांचं वेळापत्रक. हरलेल्या संघालाही पुढच्या आठवड्यात सामना असतो, एवढी एकच गोष्ट.

आपल्या कबड्डीलाही हे अपरिचित नाही. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत कित्येक हंगाम प्रत्येक संघाला बावीस साखळी सामने मिळाले. तिथले चांगले चढाईपटू हंगामाच्या सुरुवातीला असतात तसे शेवटी राहत नाहीत. ते आपल्या डोळ्यांदेखत घडतात. व्यावसायिकांना बावीस आणि विद्यार्थ्यांना एक, हा हिशेब उलटा आहे.

मुलींच्या बाबतीत तर हा हिशेब अन्यायाचा होतो. गावाकडच्या रात्रीच्या स्पर्धा जवळपास सगळ्या पुरुषांच्या. मुलाचा कॉलेजचा सामना गेला तर त्याला गावाचा संघ असतो. मुलीला कॉलेजचा संघ हाच एकमेव संघ, आणि तो एका सकाळीत संपतो. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1955 साली झाली. म्हणजे खेळ जुना आहे, जाणकारीही इथे आहे. 2018च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाला 27-24 असं हरवून इराणने सुवर्णपदक घेतलं, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. परक्या देशाच्या मुलींना सुवर्णपदकापर्यंत नेणारं ज्ञान महाराष्ट्रात आहे, आणि पोलादपूरच्या मुलीला वर्षाकाठी चार सामने मिळत नाहीत. हे वाचून ज्यांना वाईट वाटत नाही त्यांनी एकदा या मुलींचा सराव बघायला यावं.

पैसा नाही, परीक्षा असतात, क्रीडाशिक्षक एकटा पडतो, ही उत्तरं मला माहीत आहेत आणि ती खोटी नाहीत. पण कॉलेजांच्या साखळी सामन्यांसाठी मॅट लागत नाही, चोपलेली माती पुरते. महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, रोहा आणि घाट उतरून खेड ही गावं एकमेकांपासून एका दिवसात जाऊन-येऊन करण्यासारखी आहेत. सगळीकडे कॉलेजं आहेत आणि प्रवेशाच्या वेळी जिमखान्याचे पैसे प्रत्येक विद्यार्थी भरतो. सात संघांनी एकमेकांशी एकेकदा खेळायचं ठरवलं तर प्रत्येकाला सहा सामने मिळतात, त्यातले तीन घरी. खर्च गाडीचा, पंचांच्या मानधनाचा आणि वडापाव-चहाचा. विद्यापीठाची स्पर्धा आहे तशी चालू द्या, तिला हात लावायला नको.

गावोगावच्या मुंबई मंडळांना माझी विनंती आहे. दरवर्षी तुम्ही रात्रीच्या स्पर्धेच्या चषकासाठी पट्टी काढता. त्यातला थोडा वाटा यंदा जवळच्या कॉलेजच्या मुला-मुलींच्या साखळी सामन्यांसाठी द्या. आणि प्राचार्य मंडळींनी दिवाळीच्या सुट्टीआधी शेजारच्या कॉलेजला एक पत्र पाठवावं. भात निघालं की मैदान मुलं स्वतःच तयार करतील.