रचनेला कुलूप लावावे काय?

आपण रचलेल्या वस्तूत दुसऱ्याने आपल्या संमतीवाचून फेरफार करावा काय, आणि त्याने तो करू नये म्हणून आपण त्या वस्तूला कुलूप ठोकावे काय, हा प्रश्न ग्रंथांच्या बाबतीत फार जुना आहे. परंतु अलीकडे तो मला विचारला तो जळगावात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका तरुणाने, आणि तोही ग्रंथाच्या संदर्भात नव्हे, तर संगणकावरील खेळाच्या संदर्भात. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या धर्तीवर त्याने त्या खेळासाठी एक रणभूमी रचली होती. तट, बुरूज, पाण्याची टाकी, चढाची वाट, सारे काही. पाच-सहा महिन्यांच्या रात्री त्यात गेल्या. पुढे कुणीतरी त्या तटाला एक चोरदरवाजा पाडला, रचनाकाराचे नाव पुसून आपले घातले, आणि नकाशाचे मूळ नाव तसेच ठेवून तो सर्वत्र वाटला. "काका, पुढच्या वेळी मी सरळ कुलूपच लावतो. त्यात गैर काय?" असे तो म्हणाला.

ज्येष्ठ वाचकांना हा पोरखेळ वाटेल. तसे त्यांनी मानू नये, अशी विनंती आहे. मुलाच्या हातून त्याची रचना हिरावली जाते तेव्हा त्याला होणारे दुःख कवीच्या दुःखाहून निराळ्या जातीचे नसते. शिवाय येथे नेमके काय हिरावले गेले, हेच आधी ठरवावे लागणार आहे.

त्यासाठी खेळाविषयी थोडे सांगणे भाग आहे. अमेरिकेतील ब्लिझर्ड या कंपनीने २००२ साली 'वॉरक्राफ्ट ३' हा खेळ बाजारात आणला, तेव्हा नवे नकाशे रचण्याचे साधनही तिने खेळासोबतच ग्राहकाच्या हाती दिले. जमीन कशी असावी, नदी कोठून वाहावी, कोणता योद्धा केव्हा चालून यावा, हे सारे खेळणाऱ्याला स्वतः ठरवता येऊ लागले. असा नकाशा म्हणजे एका गाठोड्यात बांधलेल्या अनेक फायली. त्यांतल्या काही खेळ चालण्यासाठी आवश्यक असतात. काही मात्र तो नकाशा साधनात पुन्हा उघडून दुरुस्त करता यावा, एवढ्याचसाठी असतात. कुलूप लावणारा या दुसऱ्या प्रकारच्या फायली काढून टाकतो. मग खेळ सुरळीत चालतो, पण साधनात नकाशा उघडू गेल्यास उघडत नाही. शिंप्याने शिवलेला अंगरखा गिऱ्हाइकाला द्यावा आणि बेतण्याचे कागद जाळून टाकावेत, तसलाच हा प्रकार. हे कुलूप अभेद्य नसते, हे ओघाने आलेच. जे खेळाला वाचता येते ते चिकाटीच्या माणसालाही अखेर वाचता येते. त्यामुळे कुलपे करणारे निघाले तसे ती फोडणारेही निघाले.

कुलूप लावणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. नाव पुसले जाणे ही एक गोष्ट झाली. त्याहून वाईट प्रकार असा, की नकाशात गुपचूप एखादा संकेतशब्द पेरला जाई. तो टाइप करणाऱ्याला क्षणात हवे तेवढे सोने मिळे आणि समोरचे चार-सहा खेळाडू कारण न कळता हरत. नकाशाचे नाव जुनेच असल्यामुळे दोष जाई तो मूळ रचनाकाराला. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम या संदर्भात पाहण्याजोगे आहे. रचनाकाराने आपले सर्व हक्क विकून टाकले असले, तरीही ही रचना माझी आहे असे म्हणण्याचा आणि तिचे विद्रूपीकरण करून माझ्या लौकिकाला बाधा आणू नका असे बजावण्याचा अधिकार त्याच्यापाशी उरतो, असे हे कलम सांगते. पैशाचा व्यवहार संपल्यावरही माणसाचे आपल्या कृतीशी काही नाते शिल्लक राहते, ही गोष्ट कायद्यासारख्या रुक्ष शास्त्राने मान्य करावी, याचे मला नेहमीच समाधान वाटत आले आहे.

पण या कलमाने रक्षिलेल्या गोष्टी दोन आहेत, नाव आणि लौकिक. फेरफार मुळीच होऊ नये, असे ते म्हणत नाही. कुलूप मात्र तेच म्हणते. लबाडीने नाव पुसणारा आणि प्रांजळपणे पुढची भर घालू इच्छिणारा यांच्यांत त्याला भेद करता येत नाही. दोघेही त्याच्या लेखी चोर. आणि भर घालणाऱ्यांना चोर ठरवायचे म्हटले, तर या नकाशांच्या इतिहासात साव फारसे उरत नाहीत.

याच खेळातील सर्वांत गाजलेल्या नकाशाची कथा पाहा. 'डोटा' नावाचा तो नकाशा २००३ साली 'यूल' हे टोपणनाव घेतलेल्या एका तरुणाने रचला. त्याची मूळ कल्पनाही त्याची नव्हती. ती त्याआधीच्या 'स्टारक्राफ्ट' या खेळातील दुसऱ्या एका नकाशावरून घेतलेली होती. पुढे यूलने काम सोडले, अनेकांनी आपापल्या परीने डोटाच्या आवृत्त्या काढल्या, आणि त्यांतले उत्तमोत्तम योद्धे वेचून 'ऑलस्टार्स' ही आवृत्ती तयार झाली. ती एका संपादकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी चालत गेली. २००४ साली यूलने जाहीर केले होते, की ज्याला कुणाला नवी आवृत्ती काढायची असेल त्याने माझी संमती विचारू नये, श्रेयनामावलीत माझा उल्लेख करावा म्हणजे झाले. गंमत अशी, की या औदार्यावर वाढलेल्या ऑलस्टार्सचे नकाशे पुढे कुलूपबंद होऊन येऊ लागले. ज्या दारातून आपण आत आलो ते आपल्यामागे लावून घ्यावे, हा मनुष्यस्वभावच असावा. या सर्वांचा खरा मालक कोण, हा वाद कॅलिफोर्नियातील न्यायालयापुढे आला, तेव्हा २०१७ साली न्यायाधीशांनी तो तडकाफडकी निकालात काढण्यास नकार दिला आणि प्रकरण ज्यूरीपुढे जाण्यास मोकळे ठेवले. मग २०२० साली खुद्द कंपनीनेच आपल्या नियमांत लिहून टाकले, की आमच्या साधनांनी रचलेला प्रत्येक नकाशा आमच्याच मालकीचा. कुळांनी बांधावरून भांडत बसावे आणि जमीनदाराने येऊन सातबाराच पुढे करावा, तसे झाले. खानदेशातल्या वाचकाला हे चित्र अधिक समजावून सांगायला नको.

ग्रंथांच्या जगात हेच नाट्य कितीतरी आधी घडून गेले आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तीन शतकांच्या हातउताऱ्यांत तिच्यात पाठभेद आणि अशुद्धे शिरली होती. ती त्यांनी निवडून काढली, आणि शेवटी असा इशारा दिला, की यापुढे जो कुणी या ग्रंथात स्वतःची ओवी घालील, तो अमृताने भरलेल्या ताटात करवंटी ठेवण्याचे पाप करील. बायबलच्या अखेरच्या पुस्तकातही, प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात, भर घालणाऱ्याला आणि वगळणाऱ्याला अशीच कठोर ताकीद आहे. मुद्रणापूर्वीच्या काळी शाप हेच ग्रंथाचे कुलूप होते. तथापि एकनाथांच्या बाबतीत एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ताटावर झाकण घालणारा हा महापुरुष स्वतः संपादकच होता. त्याने आधी ताटाला हात लावला आणि मगच इतरांना मनाई केली. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या हातापूर्वी ताटात काय होते, ही जिज्ञासा काही शाप देऊन शमत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक प्रत प्रसिद्ध केली, ती एकनाथपूर्व आहे असे प्रतिपादून. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहेत. कुणीही कधी फेरफार केलाच नाही, या समजुतीवर अशी दफ्तरखाने उभी राहत नाहीत. फेरफार होणारच हे गृहीत धरून, प्रत्येक हाताची प्रत निराळी ठेवावी आणि कोणता पाठ कोणाचा हे सांगता यावे, यासाठी ती असतात. माझ्या मते रचनेचे खरे रक्षण ते हेच.

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा छापले गेले, पण त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती लागत नाही. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा प्रसिद्ध झाले ते रोमन लिपीतील हस्तलिखितांच्या आधारे. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहातली देवनागरी प्रत प्रकाशात आली, आणि तिच्यात अनेक पोर्तुगीज धर्मसंज्ञांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आढळले. हा बदल कवीचा की मागाहून आलेल्या कुणा लेखकूचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. बदल वाईट आहे, असे कोणताही रसिक म्हणणार नाही. कित्येकांना ती प्रत अधिक गोड लागते. बोच राहते ती एवढीच, की बदलणाऱ्याने, तो जर दुसरा कुणी असेल तर, कडेला आपले नाव टाकले नाही. त्याच्या मौनामुळे आपण स्टीफन्सचे शब्द वाचतो आहोत की त्याचे, हे आपल्याला कायमचे कळेनासे झाले.

लळिंगच्या नकाशात चोरदरवाजा पाडणाऱ्याचा अपराध मी याच जागी पाहतो. दरवाजा पाडणे हा अपराध नव्हे. कदाचित त्या दरवाजाने खेळ रंगतदारही झाला असेल. मूळ नाव कायम ठेवून, म्हणजे मूळ माणसाच्या तोंडी आपले शब्द घालून, तो नकाशा चालवला, हे असत्य होय. मूळ रचना जशीच्या तशी कोठेतरी उपलब्ध असावी, बदललेल्या रचनेला निराळे नाव असावे, आणि तिच्यावर दोघांचीही नावे असावीत, एवढी मर्यादा पाळली तर फेरफाराला मी हरकत घेणार नाही. ही मर्यादा पाळायची तर परक्याच्या सचोटीवर भिस्त ठेवावी लागते, आणि कुलूपवाल्याला नेमकी तीच नको असते. ज्याचा एकदा विश्वासघात झाला आहे, त्याने काही काळ दार लावून बसावे हे समजण्यासारखे आहे. रचना अर्धवट असताना, चुका निघत असताना, तो त्याचा अधिकारच मानला पाहिजे.

परंतु कुलूप हे लावणाऱ्यापेक्षा दीर्घायुषी असते, याचा विचार फार थोडे करतात. २००९ साली वॉरक्राफ्टच्या १.२४ या सुधारणेत खेळातील एक जुनी फट बुजवण्यात आली. तिचा गैरवापर होण्याची धास्ती होती, तेव्हा ती बुजवली हे योग्यच झाले. पण शेकडो नकाशांतील आज्ञावली त्याच फटीच्या आधाराने लिहिलेली होती, आणि ते एका दिवसात निकामी झाले. जे उघडे होते ते कुणी ना कुणी दुरुस्त केले. जे कुलूपबंद होते, आणि ज्यांचे रचनाकार नोकरी-संसारात गढून खेळ सोडून गेले होते, ते तसेच पडून राहिले. त्यांना हात लावण्याची इच्छा असणारे होते. किल्ली ज्याच्यापाशी होती तो कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

या संदर्भात मला जळगावच्याच बहिणाबाई चौधरींची आठवण होते. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या या बाईंना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांची गाणी होत आणि त्यांच्या स्मरणात राहत. त्या स्मरणात दुसऱ्या कुणाचा हात शिरणे शक्य नव्हते. याहून पक्के कुलूप कोणते? जी काही गाणी त्यातून बाहेर आली ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनी वेळोवेळी उतरून घेतली म्हणून. सोपानदेव स्वतः कवी होते. जात्यावरचे बोलणे कागदावर आणताना त्यांच्या लेखणीकडून कुठे एखादा उच्चार सरळ झाला असेल, कुठे ओळ कशी तोडावी हे त्यांनाच ठरवावे लागले असेल. बोलीचे लेखन निवड केल्यावाचून होतच नाही. १९५१ साली आई गेली, त्यानंतर त्यांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली, ती आईच्या नावाने. त्याच नावाने २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ ओळखले जाते. आणि कुणीही लिहून न घेतलेली जी गाणी होती, ज्यांचा एक शब्दही कुणी बदलला नाही, ती १९५१ सालीच त्यांच्याबरोबर गेली.