न छेडलेला गंधार

पहाटे साडेपाचला लेक तानपुरा घेऊन बसते. आधी बराच वेळ नुसत्या खुंट्या कुरकुरतात. मग मणी सरकतात, मग घोडीवरचा दोरा नखाने किंचित इकडे, किंचित तिकडे. आणि एका क्षणी आवाज पालटतो. तोवर चार तारा वाजत असतात. आता त्यांच्यावर, छताच्या बाजूला कुठेतरी, आणखी एक स्वर उभा राहतो. गंधार. चारांपैकी एकही तार गंधारात लावलेली नाही. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जात, शेवटची पितळी खर्जाची. तरी तो असतो, आणि एकदा ऐकू आला की मग ऐकू येतच राहतो.

लहानपणी ज्यांच्याकडे मी गाणं शिकले, त्या बाई म्हणायच्या, "गंधार ऐकू आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." मला वर्षभर तो ऐकू आला नाही. आला म्हणून खोटं सांगितलं, तर माझ्या पहिल्या 'सा'वरूनच बाई ओळखायच्या. ही श्रद्धेची बाब असावी, असं मला तेव्हा वाटायचं. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि स्वयंभू हा शब्द आमच्या घरात फक्त गणपतीच्या मूर्तीसाठी यायचा. त्यामुळे तो समज पक्का झाला. पुढे पदार्थविज्ञान शिकले, अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवलं, तेव्हा कळलं की गवयांनी शब्द अगदी नेमका निवडलाय. तो गंधार कुणी लावत नाही. तारेला तो टाळताच येत नाही.

तार छेडली की तिला बाक येतो. तो बाक दोन्ही दिशांना पळत सुटतो, टोकाला आपटतो, उलटा होऊन परत येतो, वाटेत समोरून येणाऱ्यात मिसळून पार होतो. ही ये-जा सेकंदाला शेकडो वेळा चालते; आपल्याला मात्र तार जागच्या जागी थरथरताना दिसते. पुस्तकात याला स्थिर तरंग म्हणतात. दोन्ही टोकं बांधलेली, तिथे हलायला मुभा नाही, म्हणून त्या लांबीत पूर्ण फुगवटेच बसू शकतात. एक, दोन, तीन, चार, पाच. साडेतीन बसत नाहीत. आणि तार यांतला एकच प्रकार निवडून थांबत नाही, ती हे सगळे एकाच वेळी करते.

सोयीसाठी खर्जाची तार सेकंदाला 100 कंपनांची धरू. बायकांच्या तानपुऱ्यात ती साधारण तेवढ्यातच असते. दोन फुगवट्यांचं कंपन 200, म्हणजे मध्य षड्ज. तीनचं 300, त्याच सप्तकातला पंचम. चारचं 400, तार षड्ज. आणि पाचाचं 500, तार सप्तकातला शुद्ध गंधार. बाईंचा गंधार तो हाच. पंचमाच्या तारेतूनही अशीच रांग निघते: 150 च्या तिप्पट 450, तो रिषभ, पाचपट 750, तो निषाद. चार तारांत शुद्ध स्वरांचा जवळपास अख्खा बिलावल दडलेला असतो.

वर्गात मी सोनोमीटरच्या तारेवर कागदाचे कपटे दुमडून ठेवायचे. तारेच्या पाचव्या हिश्श्यावर बोट हलकेच टेकवायचं आणि छेडायचं. काही कपटे टुणकन उडून पडायचे, आणि तीन जागचे ढिम्म बसून राहायचे: दोन, तीन आणि चार पंचमांशांवरचे. तारेवर हे निस्पंद बिंदू असतात. आजूबाजूला एवढी धावपळ, आणि तिथे तार हलतच नाही. मुलं टेबलाभोवती वाकून पाहायची. घरी तानपुरा असेल तर हे हातानेच करता येतं. खर्जाची तार समजा 90 सेंटिमीटरची असेल, तर घोडीपासून 18 सेंटिमीटरवर बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडल्याबरोबर उचला. गंधार एकटाच, सुटा ऐकू येईल. माझ्या मते ज्याला तो गर्दीत ऐकू येत नाही, त्याने आधी असा एकट्याला भेटावा. मला बाईंनी हे दाखवलं असतं तर वर्ष वाचलं असतं. पण त्या वर्षभरात मी जे कान देऊन ऐकलं, ते मग ऐकलं नसतं, हेही खरं.

मूळ स्वरावर उभे राहणारे असे उपस्वर तर गिटारच्या, व्हायोलिनच्या तारेतही असतात. तानपुऱ्यातच ते इतके उजळ का? कारण घोडी. गिटारची तार एका अरुंद धारेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद, वरून सपाट भासणारी, पण कारागिराने कानशीने तिला नजरेला न दिसणारा उतार दिलेला असतो. थरथरणारी तार खाली येताना त्या पाठीवर लोळते, वर जाताना सुटते. या सततच्या हलक्या घासण्यातून खालच्या कंपनांची ऊर्जा वरच्या स्वरांना मिळत राहते. म्हणून छेडल्यानंतर आवाज नुसता विरत नाही, तो उमलत जातो. तार घोडीला नेमकी कुठे स्पर्श करणार, हे ठरवतो तो तिच्याखालचा सुती दोरा. तो केसभर सरकला की गंधार मालवतो. घोडीचा उतार आणि दोऱ्याची जागा यांचा हा मेळ म्हणजेच जवारी.

सी. व्ही. रामन यांना याचं मोठं कुतूहल होतं. 1921 साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. थॉमस यंगच्या काळापासूनचा नियम असा, की ज्या उपस्वराच्या निस्पंद बिंदूवर तार छेडाल, तो उपस्वर उमटणार नाही. रामन यांना दिसलं, की तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत; कुठेही छेडा, उमटायला नको ते स्वरही ठणठणीत उमटतात. प्रकाशाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या माणसाने त्याआधी या घोडीवर इतका जीव लावला होता, हे मी मुलांना दरवर्षी सांगायचे.

आमचा तानपुरा मिरजेचा. तिथे ही वाद्यं घडवणारी घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून आनंद झाला. जवारी काढताना कारागीर दोन वेळा कानस फिरवतो, तार छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, पुन्हा फिरवतो. त्याच्याजवळ कान सोडून दुसरं माप नसतं.

आणि जुळवणं? पंचमाची तार 150 ऐवजी 151 वर राहिली, तर तिची दुप्पट 302 होते, आणि खर्जाच्या तिप्पट 300 शी तिचं भांडण लागतं. सेकंदाला दोन हेलकावे. लेक सकाळी खुंट्यांशी झगडते ती हे हेलकावे शांत करण्यासाठी. शेजारी पेटी असेल तर तिचा गंधार 500 ऐवजी 504 च्या आसपास बोलतो. बाराही पट्ट्यांत सारखंच अंतर ठेवायचं, तर तो तेवढा चढा ठेवावाच लागतो. पेटी मला आवडते. पण तिने शिकवलेल्या कानाला तानपुऱ्याचा गंधार आधी उतरल्यासारखा वाटतो.

गेले काही दिवस लेकीने तोडी धरली आहे. तोडीचा गंधार कोमल, इतर रागांतल्या कोमल गंधाराहूनही खालचा. म्हणजे ती 240 किंवा त्याखाली गळा ठेवते, आणि मागे तानपुरा 500 म्हणत असतो, 250 ची दुप्पट. त्याला तर शुद्ध गंधार सोडून दुसरा येतच नाही. तोडीतली ती कळ, जिने सकाळी घशात काहीतरी दाटून येतं, ती या दोन गंधारांच्या शेजारामुळे असावी, असं मला वाटतं.

ती कोमल गंधारावर थांबते. श्वास घ्यायला गळा मिटतो, आणि तेवढ्या जागेत तारेतला शुद्ध गंधार वर येतो. ती तो ऐकते. मग पुन्हा लावते, मघापेक्षा किंचित खाली.