सिद्धता आणि प्रतीती

आचोळ्याहून रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेस गेले की प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, लागते. तेथील स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरला, हे बहुश्रुतांस ठाऊकच आहे. परंतु याच शूर्पारकाचा बाहिय नावाचा वल्कलधारी तपस्वी श्रावस्तीस गेला, भिक्षाटनास निघालेल्या बुद्धांस त्याने भर रस्त्यात उपदेशाची विनंती केली, ती दोनदा तहकूब झाली आणि तिसऱ्या वेळी, पाहिलेल्यात पाहण्यापलीकडचे काही मिसळू नये अशा आशयाची मोजकी वाक्ये कानी पडताच तो मुक्त झाला, ही ‘उदान’ या पाली ग्रंथातील कथा त्या मानाने थोड्यांस ठाऊक असते.

त्याच परिसरातला आजचा एखादा विद्यार्थी मात्र अमूर्त बीजगणिताचे पुस्तक उघडून रात्र रात्र बसतो. सांत ग्रुपातील कोणत्याही सबग्रुपाची घटकसंख्या मूळ ग्रुपाच्या घटकसंख्येस निःशेष भागते, हे लाग्रांजचे प्रमेय त्याला मुखोद्गत आहे. सिद्धतेतील एकाही ओळीवर त्याची हरकत नाही. आणि तरीही, ‘मला हे कळले नाही,’ ही त्याची तक्रार कायम आहे. प्रत्येक पायरी मान्य असताना न कळण्यासारखे शिल्लक तरी काय राहते?

अद्वैत वेदान्तात हाच वाद निराळ्या निमित्ताने झाला. महावाक्याच्या श्रवणानेच साक्षात ज्ञान होते, मनन व निदिध्यासन केवळ प्रतिबंध दूर करतात, असे विवरणकार प्रकाशात्मन् मानतात. तर निदिध्यासनाने संस्कारित झालेले मन हेच त्या साक्षात्काराचे साधन, असा भामतीकार वाचस्पतिमिश्रांचा पक्ष आहे. आपल्या विद्यार्थ्यापुरता फैसला मला विवरणाच्या बाजूने द्यावासा वाटतो. कारण सिद्धता वाचल्यानंतर तिच्यात भर घालावी असे एकही विधान उरत नाही, उरतात ते अडथळे.

पहिला अडथळा असंभावनेचा: सबग्रुपामुळे मूळ ग्रुपाचे परस्परांत न मिसळणारे जे भाग पडतात, ते सगळे कोसेट अगदी सारख्याच आकाराचे कसे निघतील, ही शंका. तिचे निरसन तर्काने, म्हणजे मननाने होते. दुसरा विपरीतभावनेचा, आणि तो अधिक चिवट. कारण गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच येते, ही शाळेपासूनची वहिवाट एका युक्तिवादाने मोडत नाही. पुठ्ठ्याचा समभुज त्रिकोण आधी फिरवून मग उलटवावा, नंतर आधी उलटवून मग फिरवावा, आणि शिरोबिंदू दोन्ही वेळी निरनिराळ्या जागी आलेले पुनःपुन्हा पाहावेत, तेव्हा कोठे ती ढिली होते. प्रमेयाचा व्यत्यासही खराच असणार, हा ग्रह याच जातीचा. चार वस्तूंच्या सम क्रमचयांच्या १२ घटकी ग्रुपात ६ घटकांचा सबग्रुप मुळीच नाही, हा दाखला स्वतः पडताळल्यावरच प्रमेय किती सांगते आणि कोठे थांबते, हे उमगते.

मग बाहियाला क्षणात कसे कळले? परंपरा त्याला शीघ्र ज्ञान झालेल्यांत अग्रगण्य ठरवते खरी, परंतु पूर्वजन्मीची त्याची खडतर साधनाही तीच सांगते. रस्त्यातल्या त्या वाक्यांना दूर करण्याजोगे फारसे काही उरलेच नव्हते. म्हणून परीक्षेत सिद्धता बिनचूक उतरवून पूर्ण गुण मिळवू शकणारा विद्यार्थी जेव्हा ‘कळले नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला मंदबुद्धी समजू नये. मान्य होणे आणि कळणे यांतला भेद ज्याला बोचतो, त्याचे मनन सुरू झालेले असते.