भाकीत आणि भरंवसा

एखाद्या तरुण मनुष्याच्या भवितव्याविषयीं खात्रीनें बोलण्याचा अधिकार कोणास व कितपत पोंचतो, हा प्रश्न माझ्यासारख्या शिक्षकास नवा नाहीं. परंतु इतक्या उघड्या स्वरूपांत तो माझ्यापुढें वर्गांत कधींच उभा राहिला नव्हता. तो उभा राहिला अमेरिकेंतील बफेलो शहरीं, एका दिवाणखान्यांत, फुटबॉलचा सामना पाहतांना.

२०१९ सालच्या शरदृतूंत मी कांहीं आठवडे माझ्या पुतण्याकडे राहिलों होतों. दर रविवारीं त्याचे शेजारी व कचेरींतील सोबती त्याच्या घरीं सामना पाहण्यास जमत. ही सर्व मंडळी बफेलोच्या ‘बिल्स’ संघाची निष्ठावंत. हा संघ १९९१ ते १९९४ अशीं सलग चार वर्षें अंतिम सामन्यापर्यंत पोंचून हरला. आणि पुढें २००० ते २०१६ या सतरा हंगामांत बाद फेरींतहि त्यास एकदांही प्रवेश मिळाला नाहीं. इतकी वर्षें निराश होऊनहि जे लोक दर रविवारीं पुन्हां येऊन बसतात, त्यांची आशा ही कांहीं पोरकट गोष्ट नव्हे. त्या वर्षीं त्यांचा सारा वाद एकाच मनुष्याभोंवतीं फिरत असे. तो म्हणजे जॉश ॲलन नांवाचा तेवीस वर्षांचा क्वार्टरबॅक.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉल नव्हे. त्यांतील चेंडू लांबट असतो आणि बहुतेक काम हातांनीं चालतें. अकरा गड्यांपैकीं जो क्वार्टरबॅक, त्याच्या हातीं आक्रमणाच्या बहुतेक प्रत्येक खेळीच्या आरंभीं चेंडू येतो. समोरचे धिप्पाड गडी त्याच्यावर तुटून पडण्यापूर्वीं त्यास दोनतीन सेकंदांचा अवकाश मिळतो. तेवढ्यांत मैदानावरील हालचाल ओळखून चेंडू कोणाकडे व केव्हां फेकावयाचा हें त्यानें ठरवावयाचें. संघाचें दैव या एका मनुष्याच्या निर्णयशक्तीशीं इतकें बांधलेलें असतें, कीं या जागीं आलेल्या तरुणाविषयीं उदासीन राहणें त्या शहरांत कोणासच शक्य होत नाहीं.

त्या दिवाणखान्यांत दोन पक्ष होते. एक शेजारी, व्यवसायानें इंजिनियर, संशयपक्षाचा पुढारी होता. त्याचें म्हणणें साधें होतें: पहिल्या वर्षीं ॲलननें शंभर चेंडू फेकले तर त्रेपन्नहि नीट पोंचत नव्हते, लीगमध्यें हेंच प्रमाण सरासरीनें चौसष्ट-पासष्ट होतें. महाविद्यालयांतहि त्याचें प्रमाण छपन्नाच्या आसपासच होतें. दंडांत बळ उपजत असेल, परंतु नेम हा मोठेपणीं शिकून येत नसतो. माझा पुतण्या विश्वासपक्षाचा. कॅलिफोर्नियांतील फायरबॉ नांवाच्या शेतकरी गांवांतून आलेल्या या मुलास शाळा सुटतांना एकाहि मोठ्या महाविद्यालयानें बोलावलें नव्हतें, आणि तरी तो येथवर आला, हाच त्याचा पुरावा. वाद तापला कीं पुतण्या माझ्याकडे वळून म्हणे, “काका, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवितां, तुम्हीच सांगा, आम्हीं विश्वास ठेवावा कीं ठेवूं नये?” मी हंसून वेळ मारून नेई. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

क्लिफर्ड नांवाच्या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं एक निबंध लिहिला, त्यांतील दृष्टान्त प्रसिद्ध आहे. एका जहाजमालकास आपलें जहाज जुनें व मोडकळीस आलेलें आहे अशी शंका येते. परंतु तो ती दाबून टाकतो, जहाज सुरक्षित आहे अशी मनाची समजूत करून घेतो, आणि उतारूंनीं भरलेलें तें जहाज समुद्रांत बुडतें. क्लिफर्डचें म्हणणें असें, कीं त्याचा विश्वास प्रामाणिक होता ही सबब नव्हे. पुराव्यावांचून विश्वास ठेवण्याचा त्यास अधिकारच नव्हता. इतकेंच नव्हे, तर जहाज सुखरूप पोंचलें असतें तरीहि तो तितकाच दोषी ठरला असता. त्याच्या उलट, अमेरिकन तत्त्ववेत्ता विल्यम जेम्स यानें १८९६ सालच्या व्याख्यानांत असें प्रतिपादिलें, कीं कांहीं सत्यें अशीं असतात कीं त्यांवर आधीं विश्वास ठेवल्यावांचून तीं अस्तित्वांतच येत नाहींत. मैत्रीचें उदाहरण घ्या. समोरचा मनुष्य आपणांस आवडून घेईल असा विश्वास धरून जो पुढें होत नाहीं, त्यास मित्र मिळत नाहीं, आणि पुरावाहि मिळत नाहीं.

मग आमचा इंजिनियर क्लिफर्डचा शिष्य आणि पुतण्या जेम्सचा, असें म्हणून प्रश्न मिटवावा काय? तसें करणें सोपें आहे. परंतु या वादांत ‘पुरावा’ म्हणून जो पुढें ठेवला जातो त्याची परीक्षा त्यानें होत नाहीं. ती करावयाची तर आपल्या नैयायिकांकडे जावें लागतें. धुरावरून अग्नीचें अनुमान होतें, परंतु अग्नीवरून धुराचें होत नाहीं, हें त्यांनीं शिकविलें. अग्नि आहे तेथें धूर असतोच असें नाहीं. सरपण ओलें असेल तरच तो निघतो. या ओल्या सरपणास ते ‘उपाधि’ म्हणतात. ज्या व्याप्तींत उपाधि दडलेली आहे, तिच्यावर बांधलेलें अनुमान सदोष होय. आतां आपण तरुणांविषयीं जीं भाकितें करतों, त्यांत किती उपाधि दडलेल्या असतात तें पाहूं.

या लीगमधील बत्तीस संघ दर वसंतऋतूंत महाविद्यालयीन खेळाडूंतून पाळीपाळीनें निवड करतात. २०१८ सालच्या एप्रिलमधील एका संध्याकाळीं, पहिल्याच फेरींत, पांच क्वार्टरबॅक निवडले गेले: पहिला बेकर मेफील्ड, तिसरा सॅम डार्नल्ड, सातवा ॲलन, दहावा जॉश रोझन आणि बत्तिसावा लमार जॅक्सन. या क्रमापाठीमागें जितकें मोजमाप व जितका पैसा खर्च झाला, तितका विचार एखाद्या संस्थानचा दिवाण नेमतांनाहि झाला नसेल. पुढें काय झालें? जॅक्सननें क्वार्टरबॅकची जागा सोडून चेंडू झेलणाऱ्याची जागा घ्यावी असा कित्येक जाणत्यांचा सल्ला होता. त्यास दुसऱ्याच हंगामांत सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान एकमतानें मिळाला. मेफील्डला क्लीव्हलंडच्या संघानें २०२२ सालीं सोडून दिलें. पुढल्या वर्षीं टॅम्पा बे येथें तो पुन्हां उभा राहिला. डार्नल्ड न्यूयॉर्कच्या जेट्स संघांत तीन वर्षें अपयशी ठरला, दुसरीकडे गेला, तेथेंहि जमलें नाहीं; आणि २०२४ सालीं मिनेसोटाच्या संघांत त्याच मनुष्यानें सतरांपैकीं चौदा सामने जिंकून दाखविले. माणूस तोच, दंड तोच, सरपण बदललें. त्याच्यापुढें उभें राहून त्याचें रक्षण करणारे गडी, चेंडू झेलणारे हात, शिकविणारा प्रशिक्षक, इतकेंच नव्हे तर स्वतःच्या चुकांतून गेलेलीं वर्षें, या साऱ्या उपाधि त्याच्या ‘गुणां’च्या हिशेबांत आपण बेमालूम मिसळून टाकल्या होत्या.

आणि रोझन? त्यास ॲरिझोनाच्या संघानें एकच वर्ष ठेवलें. मग नवा प्रशिक्षक आला, दुसरा तरुण निवडला गेला, आणि यास मायामीकडे धाडण्यांत आलें. त्याचा पुढें जम बसला नाहीं. तो मुळांतच उणा होता, कीं त्याचें सरपण कोरडें होतें? हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. या पांच कथांत मला हीच सर्वांत बोधप्रद वाटते. यशानें भाकीत खरें किंवा खोटें ठरतें. परंतु अशा अपयशानें पुष्कळदां तें ठरतच नाहीं, आणि आपण मात्र तें ठरलें असें समजून पुढें चालतों.

ॲलनची गोष्ट वाचकांपैकीं कांहींना ठाऊक असेल. त्याच्या नेमाचें प्रमाण दुसऱ्या वर्षीं एकोणसाठाजवळ आणि तिसऱ्या वर्षीं, २०२० सालीं, एकोणसत्तरांवर गेलें. २०२४ च्या हंगामासाठीं तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. तें वृत्त आलें त्या रात्रीं पुतण्यानें मला दूरध्वनि केला व विजयी स्वरांत म्हणाला, “काका, बघा, आमचा विश्वास खरा ठरला!”

येथेंच मला थांबावेंसें वाटलें. विश्वास खरा ठरला, हें खरें; परंतु तो योग्य होता हें त्यावरून सिद्ध होतें काय? जहाज सुखरूप पोंचलें म्हणून मालक निर्दोष ठरत नाहीं, हें क्लिफर्डचें वचन येथेंहि लागू पडतें. नेमांत इतकी सुधारणा क्वचितच होते. अशाच आशेनें वाट पाहून ज्या शहरांच्या हातीं कांहीं लागलें नाहीं, त्यांचे दिवाणखाने आज मुके आहेत, म्हणून त्यांची साक्ष आपल्या कानीं येत नाहीं. २०१९ च्या शरदृतूंत उपलब्ध असलेल्या पुराव्यावर बोलावयाचें तर इंजिनियराचा संशयच अधिक सयुक्तिक होता, असें मला प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे. मग पुतण्या चुकला होता काय? तसेंहि मला वाटत नाहीं. आणि या विरोधाचा उलगडा शोधतां शोधतां मला जें सांपडलें तें असें.

‘विश्वास’ या एका शब्दाखालीं आपण दोन निराळ्या गोष्टी ठेवतों. एक भाकीत आणि दुसरी भरंवसा. भाकीत हें त्या तरुणाविषयींचें विधान असतें: तो असा होईल. भरंवसा हें माझ्याविषयींचें वचन असतें: तो घडत असतां मी असा वागेन. पहिलें पुराव्याच्या कसोटीस उतरलें पाहिजे, व तेथें क्लिफर्डचा निकाल अखेरचा आहे. दुसऱ्यास पुराव्याची कसोटी नाहींच, त्यास कसोटी आचरणाची. बफेलोच्या संघानें काय केलें तें पाहा. त्यांनीं नुसतें ‘हा मोठा होईल’ असें म्हटलें नाहीं. त्यांनीं पहिलीं तीनचार वर्षें त्याचे मुख्य शिक्षक बदलले नाहींत. २०२० सालीं स्टेफॉन डिग्ज हा नामांकित झेलणारा मोठी किंमत देऊन त्याच्यासाठीं आणला. आणि त्या तरुणानेंहि सुट्टींत आपल्या फेकण्याची ढब मुळापासून सुधारून घेतली. सरपण ओलें आहे कीं कोरडें याचा नुसता तर्क करीत न बसतां त्यांनीं तें पुरविलें. जेम्सचें म्हणणें खरें असलें तर तें एवढ्याच अर्थानें: विश्वास जगांत कांहीं निर्माण करतो तो हातांनीं, मनांतल्या मनांत नव्हे.

येथें शंका निघेल, कीं प्रेक्षकाच्या हातीं काय असतें? त्यास ना शिक्षक नेमतां येतो ना गडी आणतां येतो. खरें आहे, त्याच्या भरंवशाचें मोल अल्प आहे. वाईट दिवशीं हुर्यो न करणें, एका चुकीवरून माणसाचा निकाल न लावणें, आणि पुढच्या रविवारीं पुन्हां येऊन बसणें, एवढेंच. परंतु ज्याच्या हातीं थोडें आहे त्याचें कर्तव्यहि थोडें. ज्याच्या हातीं अधिक आहे त्याची गोष्ट निराळी. आणि ती सांगण्यासाठींच मीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी माझ्याकडे आला. तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करावें कीं नाहीं, असें त्यानें विचारलें. त्याचे निबंध विस्कळीत असत, वर्गांत तो पुष्कळदां पेंगत असे. कधीं एखादें वाक्य असें लिही कीं मी चमकून पुन्हां वाचीं. परंतु एका वाक्यावर कांहीं ठरत नाहीं. मीं त्यास स्पष्टपणें सांगितलें, “हा विषय तुझ्यासाठीं नाहीं.” आपण सत्यनिष्ठेनें वागलों असें मला त्या वेळीं वाटलें. तो नमस्कार करून गेला व पुन्हां आला नाहीं. पुढें कित्येक महिन्यांनीं दुसऱ्या एकाकडून मला कळलें, कीं तो रात्रभर एका छापखान्यांत काम करून सकाळीं वर्गांत येत असे.

माझें भाकीत चुकलें असेल असें मी म्हणत नाहीं. तें मला कधींच कळणार नाहीं, आणि हेंच मला बोंचतें. मी बफेलोचा प्रेक्षक नव्हतों. त्या मुलाच्या आयुष्यांत मी संघाच्या मालकाच्या जागीं होतों. माझा शब्द हा त्याच्या भवितव्याविषयींचा नुसता अंदाज नव्हता, तर त्या क्षणापासून तें भवितव्य घडविणारी एक उपाधि होता. आणि मीं धूर दिसत नाहीं एवढेंच पाहिलें. सरपण कसें आहे हें विचारण्यास मला दोन मिनिटेंहि लागलीं नसतीं.

याचा अर्थ असा नव्हे, कीं शिक्षकानें व पालकानें प्रत्येक मुलास ‘तूं मोठा होशील’ असें सांगत सुटावें. ती खोटी स्तुति होय, आणि तिचें ओझें वाहतांना कित्येक मुलें वांकून गेलेलीं मीं पाहिलीं आहेत. भाकीत मागितलें तर तें जपून व पुराव्यापुरतेंच द्यावें. बहुधा देऊंच नये. परंतु मुलगा आपल्या दाराशीं येतो तेव्हां तो भाकीत मागत नसतोच. शब्द तो भाकिताचे वापरतो, मागतो मात्र भरंवसा.

ॲलनविषयींचा वाद बफेलोमध्यें मिटला आहे असें मात्र कोणी समजूं नये. तो बहुमान मिळाला त्या वेळीं त्याच्या संघानें त्याच्या काळांत अंतिम सामना एकदांही गांठला नव्हता. त्यामुळें तो इंजिनियर आतां निराळे आंकडे पुढें करतो, आणि पुतण्या निराळी उत्तरें देतो. दोघे अजून एकाच कोचावर बसून सामना पाहतात. तो छापखान्यांतला मुलगा मात्र माझ्याकडे दुसऱ्यांदा येणार नाहीं. आला असता तर आज मीं त्यास इतकेंच म्हटलें असतें: “तुझ्यांत काय आहे तें मला आज सांगतां येत नाहीं. एक वर्ष ये, आपण पाहूं. आणि आधीं मला हें सांग, तुझ्या रात्री कशा जातात?”